सुरमईएवढं खळं

हे कुणाला खरं वाटायचं नाही. गळ्यावर हात ठेवून सांगितलं तरी नाही. पण सारसोळ्याच्या सरस्वतीने कचेरीचं मशीन, कचेरीचा कागद आणि त्या कागदावर सही करणारा साहेब, या तिघांना एका सुरमईने चीत केलं. सुरमईही काही फार मोठी नव्हती, दीड किलोची असेल. सांगता सांगता तीन किलोची झाली तर ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं. मासळी ताजी असली की फुगतेच.

पुतळा समोर जाळं सांधत बसली आहे. सरस्वतीची धाकटी जाऊ. या सगळ्या भानगडीत मोजायच्या टेपचं दुसरं टोक तिच्या हातात होतं, तेव्हा साक्षीदार घरचाच आहे. शंका असेल त्याने तिला विचारावं, पण गोष्ट संपल्यावर.

तर खळं. खाडीच्या काठाला बायकांची मासळी सुकवायची मोकळी जागा. जवळा पसरायचा, मांदेली पसरायची, बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगायचे. बावीस घरांच्या बायका तिथे सुकवतात आणि वर्षभराचं मीठमिरची त्यावर निघतं. पूर्वी खळ्याच्या तिन्ही अंगांना शेत होतं, मग नुसतं गवत होतं, मग एकवीस मजली इमारती झाल्या. त्या इमारती बोंबलांकडे खिडक्या बंद करून बघत आणि बोंबील इमारतींकडे आ वासून बघत. असं बरं चाललं होतं.

कार्तिक संपता संपता कचेरीतून सरस्वतीच्या नावाने कागद आला. बायकांच्या गटाची ती प्रमुख, म्हणून तिच्या नावाने. गावातल्या एका शिकलेल्या सुनेने वाचून दाखवला. जी खळी हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी, ती मासळीसाठी राखीव राहतील. जी त्याहून लहान, ती सार्वजनिक वाहनतळाला जातील. सारसोळ्याच्या या खळ्याचं मोजलेलं क्षेत्रफळ आठशे चाळीस. हरकत असल्यास पंधरा दिवसांत आकृती आणि मोजमापासह कळवावे.

बायका एकदम बोलायला लागल्या. कुणी आमदाराकडे चला म्हणाली, कुणी देवीला नवस बोलली, कुणी थेट रस्त्यावर बसायची भाषा केली.  सरस्वतीने कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि कनवटीला खोचली. मग टोपली उलटी करून तिच्यावर बसली.

"माज्या सासूनं हा खला राखला, तिच्या सासूनं राखला," ती म्हणाली. "आठशे चालीसवर मी सोडनार नाय. आदी मना सांगा, हे आठशे चालीस आलं कुठून?"

ते कुठून आलं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एक मशीनवाला माणूस आला होता. हातात खेळण्याएवढं यंत्र, त्यातून लाल ठिपका निघायचा. ठिपका समोरच्या भिंतीवर पडला की यंत्र अंतर सांगायचं. खळ्याच्या मधल्या चौकोनाला कडेने कुंपणाची भिंत आहे, तिथे ठिपका नीट बसला. रस्त्याच्या बाजूला खळं निमुळतं होत जाऊन त्याचं टोक होतं, तिथेही दिव्याच्या खांबावर बसला. पण उत्तरेचं टोक गोल आहे. जुन्या लोकांनी भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घातला, आणि पाणी काही काटकोनात येत नाही, म्हणून बांधही गोल घातला. गुडघाभर उंचीचा. मशीनवाल्याने ठिपका सोडला तो बांधावरून गेला, खाडीवरून गेला आणि थेट पलीकडे उलव्याला एका चौथ्या मजल्यावर वाळत घातलेल्या बनियनवर जाऊन बसला. मशीनने आकडा दिला साडेचार किलोमीटर. बनियनवाला गृहस्थ तेवढ्यात बाहेर येऊन छाती चोळायला लागला, असंही म्हणतात. मशीनवाल्याने घाम पुसला, वहीत लिहिलं, "उत्तर टोक अनियमित, सोडले," आणि गेला.

सोडले म्हणजे काय सोडले? जिथे सगळ्यात जास्त ऊन पडतं आणि सगळ्यात जास्त मासळी सुकते, तेच सोडले.

सरस्वतीने त्याच दुपारी खळं स्वतः मोजायला घेतलं. कोळणीचं माप वावेचं. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. दोर मोजायचा तो वावेने, जाळं मोजायचं तेही त्याच्या तोंडाच्या दोराने. अमक्याची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, केवढी, तर तोंडाला इतक्या वावेचा दोर. तेव्हा तिने साधा हिशोब केला. खळ्याच्या कडेकडेने दोर फिरवायचा, जितका दोर जास्त लागेल तितकं खळं मोठं. बावीस बायका कामाला लागल्या. प्रत्येक खाचेत, प्रत्येक दगडामागे दोर कोंबला. पुतळाने तर बांधावरच्या तिवराच्या झुडपालाही वेढा घातला, तेवढंच चार वाव वाढलं. संध्याकाळी दोराची दोन भेंडोळी झाली, ती डोक्यावर घेऊन दोघी जावा दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या आणि हौसेराव साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

हौसेराव साहेब देशावरचे. शांत माणूस. दोराच्या वासानेसुद्धा त्यांनी नाक मुरडलं नाही, फक्त फायली बाजूला सरकवल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की बाई, हा घेर झाला, क्षेत्रफळ नाही. आकृती काढा, मापं लिहा, एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या, मग मी बघतो. सरस्वतीने विचारलं, जाणकार कोण? साहेब म्हणाले, गणिताचा कुणी शिक्षक वगैरे.

 गणिताची शिक्षिका सरस्वतीला माहीत होती. अख्ख्या सारसोळ्याला माहीत होती. खळ्यासमोरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वैजयंतीबाई राहत होत्या. साताऱ्याकडच्या, तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, अंडंही घरात न आणणाऱ्या. खळ्याच्या वासाबद्दल त्यांनी तीन तक्रारअर्ज केले होते. तिसऱ्या अर्जात वास कुठल्या दिशेने, किती वाजता, किती जोराने येतो याचा तक्ता होता. खळं गेलं तर त्यांच्या सोसायटीच्या गाड्या लावायला जागा होणार होती, म्हणजे देव पावला आणि वर प्रसादही मिळाला.

पुतळा म्हणाली, वाघाच्या तोंडी मान कशाला द्यायची? सरस्वतीने लुगडं बदललं, हात साबणाने तीनदा धुतले, लिंबाने चोळले आणि जिना चढली. लिफ्टने गेली नाही, वास आत कोंडतो म्हणून.

दार वैजयंतीबाईंनीच उघडलं. समोर कोण आहे हे बघून त्या जरा मागे सरकल्या.

"अर्ज मागे घ्या म्हणायला आला असाल, तर मी घेणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका घेऊ. वास येतोच," सरस्वती म्हणाली. "पन बाय, हा हिशोब बघा. हा बरोबर हाय काय?"

तिने कनवटीचा कागद पुढे केला. आता गणिताच्या बाईसमोर हिशोब धरणं म्हणजे मांजरासमोर बांगडा धरण्यासारखंच. वैजयंतीबाईंनी दारातच चष्मा लावला. वाचलं. खिडकीपाशी जाऊन खाली खळ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग त्यांचा चेहरा बदलला. तीस वर्षं चुकीची उत्तरं बघून जसा बदलायचा तसा.

"यांनी गोल भाग धरलाच नाही," त्या म्हणाल्या. "आत या. चप्पल असू दे, या आत."

सरस्वती चप्पल बाहेर काढूनच आत गेली आणि जमिनीवर बसणार तोच बाईंनी खुर्ची ओढली. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. वासाबद्दल त्यांची तक्रार होती, आहे आणि राहील. गाडी लावायला जागाही त्यांना हवीच आहे. पण चुकीच्या बेरजेवर मिळालेली जागा त्यांना नको. उत्तर चुकलं की चुकलं, मग ते कुणाच्याही फायद्याचं असो. सरस्वती म्हणाली, एवढंच पायजे.

पहिला धडा दोराचा. सरस्वतीला कळत नव्हतं की एवढ्या लांब दोराला साहेब का मानत नाही. बाईंनी सुतळीचा तुकडा घेतला, दोन टोकं बांधली आणि टेबलावर त्याचा चौकोन मांडला. मग तीच सुतळी दोन्ही बाजूंनी दाबत नेली, इतकी की मध्ये बोट घालायलाही जागा उरली नाही. सुतळी तेवढीच, आतली जागा गेली कुठे, त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, आता अर्धा तास समजवावं लागणार. आठवीच्या वर्गाला लागायचा.

"डोलीचं तोंड मिटलं," सरस्वती म्हणाली. "दोर तितकाच, पन मासा एक मिलायचा नाय."

वैजयंतीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सुतळी खाली ठेवली आणि दुसरा धडा सुरू केला.

वेडावाकडा आकार एकदम मोजता येत नाही, त्या म्हणाल्या. ओळखीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. त्यांनी वहीवर खळ्याची आकृती काढली. मधे लांबट आयत. एका बाजूला अर्धं वर्तुळ. दुसऱ्या बाजूला निमुळता त्रिकोण. पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारून तिन्ही तुकडे वेगळे केले.

सरस्वतीने वही फिरवून पाहिली. "ही तर सुरमय हाय," ती म्हणाली. "हे गोल डोकं, हा मधला गाला, ही शेपटी. आमी पन असंच कापतो. आख्ख्या सुरमयचा भाव कोन सांगनार? डोक्याचा येगला, तुकड्यांचा येगला."

बाईंनी आयुष्यात सुरमई पाहिली नव्हती. पण मांडणी बरोबर होती, तेव्हा त्यांनी आकृतीच्या खाली डोकं, गाळा, शेपूट असंच लिहिलं. उदाहरण विद्यार्थ्याच्या घरचं असावं, हे त्या पूर्वी नव्या शिक्षकांना सांगायच्या. आता त्यांच्या वहीत मासा आला, ही देवाची करणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतीबाई स्वतः खळ्यात उतरल्या. नाकाला रुमाल, रुमालावर निलगिरीचं तेल, आणि हातात तीस मीटरचा कापडी टेप. हा टेप शाळेच्या क्रीडादिनाचा, निवृत्तीच्या दिवशी चुकून आपल्या पिशवीत आला, असं त्यांचं म्हणणं आहे. खळ्यातल्या मांजरांना निलगिरीचा वास सहन झाला नाही. ती सतरा मांजरं जी पळाली ती नेरूळ ओलांडून जुईनगरला थांबली. विचारा हवं तर.

टेपचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं पुतळाच्या, आणि सरस्वती मध्ये उभी राहून टेप कुठे सैल पडतो ते बघणार. आयत भरला छत्तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. लांबी गुणिले रुंदी, सातशे वीस. शेपटीचा पाया वीस मीटर, उंची बारा. पाया गुणिले उंची भागिले दोन, एकशे वीस. इथपर्यंत कचेरीचंच आठशे चाळीस. बाई म्हणाल्या, बघा, त्यांनी डोकं तोडून फेकून दिलं आणि उरलेला मासा तोलला.

मग डोकं. गोलाची रुंदी वीस, म्हणजे मधल्या खुंटापासून बांधापर्यंत दहा. सरस्वतीने मधोमध खुंट ठोकला, दहा मीटरचा दोर बांधला आणि बांधाकडेने चालत गेली. दोर कुठेही सैल पडला नाही, कुठेही ओढला गेला नाही. जुन्या लोकांनीही बांध घालताना असाच खुंट ठोकला असणार. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. दहा गुणिले दहा, गुणिले बावीस, भागिले सात. तीनशे चौदा आणि वर थोडं. वर्तुळ अर्धंच आहे, म्हणून त्याचं अर्धं. एकशे सत्तावन्न पूर्णांक चौदा शतांश.

सगळ्याची बेरीज नऊशे सत्त्याण्णव पूर्णांक चौदा.

 बाईंनी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. हजाराला तीन मीटर कमी. तीन चौरस मीटर म्हणजे दोन चटया.

पुतळाने लगेच तोड काढली. मधला गाळा छत्तीसच्या जागी सव्वाछत्तीस लिहा. टेप जरा सैल धरला असं समजा, कोण बघतंय? वैजयंतीबाईंनी रुमाल नाकावरून काढला, इतका त्यांना राग आला. पण त्यांच्या आधी सरस्वतीच बोलली.

"सायेब उद्या येऊन मोजंल. पाव मीटर खोटा निगाला तर बाकीचा खरा पन कोन मानंल? नाय. खोटं नाय लिवायचं." मग ती बाईंना म्हणाली, "कायतरी राह्यलं हाय. या खल्यात माजे चालीस उन्हाले गेले. हा हजाराच्या खाली नाय."

बाई हळू म्हणाल्या, की वाटण्याने क्षेत्रफळ वाढत नाही. सरस्वती म्हणाली, वाटत नाय, म्हाइत हाय.

हरकतीला बारा दिवस उरले होते. सरस्वती रोज पहाटे बाजारात बसायच्या आधी खळ्याला एक फेरी मारी. कडेने चाले, मधून चाले, बांधावर उभी राही. काय राहिलं ते दिसेना. घरात जेवताना ताटात बोटाने रेघा ओढू लागली. भाताचा गोल, भाकरीचा अर्धा गोल. नवऱ्याने विचारलं, जेवतेस की वाटणी करतेस?

चौथ्या दिवशी बाजारात एका गिऱ्हाइकाने सुरमई घेतली. हीच ती दीड किलोची, किंवा आता दोन म्हणू. सरस्वतीने पाटावर आडवी टाकली, सुरी घेतली आणि सवयीप्रमाणे पहिल्यांदा पर छाटून बाजूला टाकले. मग डोक्याला हात घातला. आणि सुरी तिथेच थांबली. तिने टाकलेल्या परांकडे पाहिलं. मग खाडीकडे पाहिलं.

गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, तुकडे करताय ना? सरस्वतीने अर्धवट साफ केलेली सुरमई शेजारणीच्या पाटावर ढकलली आणि उठली. हात पदराला पुसायचं भानही राहिलं नाही. खवल्यांनी चमकणारे हात घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली, आणि या खेपेला लिफ्टने गेली. लिफ्टमध्ये तो वास पुढे नऊ दिवस होता. एका भाडेकरूने घर सोडलं, आणि दुसरा खास त्या वासासाठी राहायला आला, कारण त्याला मालवणची आठवण यायची.

"बाय, पर राह्यला," ती दारातूनच म्हणाली.

गाळ्याच्या खाडीकडच्या अंगाला दगडी उतार आहे. होड्या लागतात तिथला. वरच्या अंगाला रुंद, खाली पाण्याकडे अरुंद. मासळीची टोपली आधी त्यावर टेकते, मग वर खळ्यात जाते. दगड लवकर तापतो म्हणून बायका ओहोटीला तिथेही जवळा पसरतात. रोज पाय ठेवतात त्याच्यावर, म्हणून कुणाच्या ध्यानात आला नाही.

वैजयंतीबाई निलगिरी लावायला विसरल्या. ओहोटी होती, उतार उघडा होता. वरची बाजू सहा मीटर, खालची चार, मधलं अंतर दोन. याला समलंब चौकोन म्हणतात, बाई म्हणाल्या, समांतर बाजूंची बेरीज करा, अर्धी करा, अंतराने गुणा. सहा आणि चार दहा, दहाचे अर्धे पाच, पाच दुणे दहा. दहा चौरस मीटर. एक हजार सात पूर्णांक चौदा.

बायकांनी पुतळाला उचललं आणि पुतळाने टेपला. पण वैजयंतीबाई पेन्सिल दातात धरून गोल टोकाकडे बघत उभ्या होत्या. सरस्वतीला त्यांचा चेहरा आता ओळखू यायला लागला होता. काय झालं, तिने विचारलं.

"विहीर," बाई म्हणाल्या. "ती खळ्याच्या आत आहे. तिच्यावर मासळी सुकत नाही. ती वजा करायला हवी."

डोक्याच्या भागात मासळी धुवायची जुनी विहीर आहे. पुतळाने बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, की ही बाई आपल्या बाजूची आहे की गाड्यांच्या? दुसऱ्या एकीने सुचवलं, विहिरीवर फळ्या टाकून वर बोंबील ठेवू. सरस्वतीने सगळ्यांना हाताने गप्प केलं. तिचा चेहरा उतरला होता, पण टेप तिनेच उचलला.

"मासा साफ करताना डोला काडतातच," ती म्हणाली. "मोजा."

काठापासून काठापर्यंत दोन मीटर ऐंशी. अर्धं म्हणजे एक मीटर चाळीस. एक पूर्णांक चार गुणिले एक पूर्णांक चार, गुणिले बावीस, भागिले सात. बाईंची पेन्सिल चालली आणि बावीस बायकांचे श्वास थांबले. खाडीत उडी मारलेला एक मासा उत्तर येईपर्यंत हवेतच थांबला होता, असं सांगणारे आहेत. सहा पूर्णांक सोळा. एक हजार सात पूर्णांक चौदामधून ते गेलं.

एक हजार पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश.

हजारावर एक चौरस मीटरसुद्धा पुरता नाही. एक बाई मांडी घालून बसेल, एवढा. पण वर.

वैजयंतीबाईंनी स्वच्छ कागदावर आकृती काढली. पाच तुकडे, पाच सूत्रं, शेवटी बेरीज आणि वजाबाकी. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, तपासले, बरोबर आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना विचारलं गेलं, की तुम्ही नेमक्या कुणाच्या? त्या म्हणाल्या, मी बेरजेची.

हौसेराव साहेबांनी कागद दोनदा वाचला. आकडे आपल्या यंत्रावर घालून पाहिले. डोकं मान्य केलं, तिथे आमचीच चूक झाली असंही म्हणाले, जे कचेरीत सहसा ऐकू येत नाही. विहीर आपणहून वजा केलेली पाहून त्यांनी मान वर करून सरस्वतीकडे पाहिलं. पण उतारापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नियम सांगितला. क्षेत्रफळात वापरातली जागाच धरता येते. नुसता दगडी उतार असेल आणि मासळीशी त्याचा संबंध नसेल, तर हे दहा मीटर जातील. मग उरतात नऊशे नव्वद.

"मी स्वतः बघायला येतो," ते म्हणाले. "गुरुवारी. साडेबाराच्या सुमाराला."

म्हणजे सगळं खळं त्या एका परावर येऊन उभं राहिलं. बावीस घरं, वर्षभराचं मीठमिरची, सासूच्या सासूचा बांध, सगळं दहा मीटर दगडावर. गुरुवारपर्यंत सरस्वतीला जेवण गेलं नाही. तिने उतार नारळाच्या किशीने घासला, फटींतलं शेवाळ सुरीच्या टोकाने काढलं. पुतळा म्हणाली, बस कर, नायतर दगड झिजून नऊ मीटर व्हायचा.

गुरुवार आला. मार्गशीर्षातली पुनव, आभाळ निळंभोर, ऊन असं कडक की कावळे सावली भाड्याने घेत होते. साडेबाराच्या ठोक्याला हौसेराव साहेब गाडीतून उतरले. हातात वैजयंतीबाईंचा कागद. बाई रुमाल न लावता शेजारी उभ्या. साहेब गोल बांधावरून फिरले, विहिरीत डोकावले आणि सरस्वतीच्या मागोमाग उताराकडे आले. आणि बघतात तर काय! वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, दहाच्या दहा चौरस मीटरवर जवळा पसरलेला. कोरडा ठणठणीत. एक बोटभर दगड उघडा नाही. एकेक जवळा शिस्तीत खाडीकडे तोंड करून पडलेला, जसा काही प्रार्थनेला उभा. साहेबांना बूट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी वाकून एक जवळा उचलला, तो पापडासारखा कडकन मोडला, आणि साहेब तिथेच, त्या कोरड्या उतारावर गुडघे टेकून…

"पुनवेला? साडेबाराला?"

पुतळाने जाळं मांडीवर ठेवलं.

"खोटं हाय हे. पुनवेची भरती बाराची असते, शेंबडं पोर पन सांगंल. उतार तवा पान्याखाली होता. तुमचा जवला काय पवत होता? सायबाला प्यांट दुमडायला लावून सरस्वतीनं पान्यात उतरवला, टेपचं खालचं टोक मी मांडीभर पान्यात धरून उभी होते, नि गावातल्या देवजीची होडी तितंच लागून टोपल्या आमच्या डोक्यावरून वर जात होत्या. ते डोल्यांनी बगून सायबानं पान्यात उभ्यानंच सही केली, राखीव म्हनून. नि तुमी कुठून बगितला हो कोरडा दगड? तुमी तर त्या दिवशी उरनला हलदीला गेल्ते."